शेवटचे चार नांगर

"ह्यांना उठवलं कुणी?" मामांनी विचारलं, आणि मी तोंड उघडायच्या आत दुसरा प्रश्न आला, "भरपाई मिळाली का?" आम्ही इंग्लंडमधल्या यॉर्कशायरच्या वोल्ड्स टेकड्यांत, व्हॅरम पर्सी नावाच्या एका मोडलेल्या गावात उभे होतो. वारा कानात शिरत होता, मामांनी मफलर डोक्यावरून घेऊन हनुवटीखाली बांधला होता आणि थर्मासमधला चहा एव्हाना कोमट झाला होता. लीड्सला आमच्याकडे येणाऱ्या पाहुण्यांना मी इथे हटकून आणते. गाडी लावायची, खडूच्या पांढुरक्या वाटेने दरीत उतरायचं, आणि खाली पोचलं की ऐटीत सांगायचं, हे नुसतं गवत दिसतंय ना, त्याखाली अख्खं गाव आहे. त्यावर सगळे एकच विचारतात: प्लेगने मेले का सगळे? मामांनी ते विचारलं नाही. कोयनेचं धरण झालं तेव्हा ते सात-आठ वर्षांचे होते. त्यांचं गाव पाण्याखाली गेलं आणि घरदार उचलून ठाणे जिल्ह्यात आलं. गाव ओस पडलं म्हणजे ते कुणीतरी पाडलेलं असणार, आणि त्याचा काहीतरी कागद असणार, हे त्यांनी गृहीत धरलेलं. मी "सांगते नंतर" म्हणून वेळ मारून नेली. पण तो प्रश्न मात्र घरी आला, जेवताना बसला, आणि मामा सुखरूप ठाण्याला परतल्यावरही माझ्याकडेच राहिला.

व्हॅरम पर्सी पहिल्यांदा पाहणाऱ्याची थोडी निराशाच होते. सेंट मार्टिनचं पडकं चर्च सोडलं, तर डोळ्यांना धरायला काही नाही. छप्पर नाही, मनोऱ्याचा अर्धा भाग १९५९च्या डिसेंबरात कोसळला तो कोसळलाच. शेजारी अडवलेल्या पाण्याचं तळं, काटेरी हॉथॉर्नची झुडपं आणि शेणाचा ओला, ओळखीचा वास. गाव चढावर आहे, आणि ते बघायचं तर ऊन तिरकं हवं. दुपारी सगळं सपाट दिसतं. हिवाळ्यात तीनच्या सुमाराला सूर्य टेकडीला टेकायला आला, की गवताखालून बांध वर येतात. इथे घराचा चौकोन, त्यामागे लांबट परडं, त्याला लागून दुसऱ्याचं परडं, मधून खोल गेलेली पाणंद. बैलांच्या आणि माणसांच्या पायांनी शेकडो वर्षं घासून खाली गेलेली ती पाणंद आजही इतकी खोल आहे की तिच्यात उभं राहिलं की वारा लागत नाही. वरच्या शेतांत नांगराच्या तासांचे लांबच लांब वरंबे आहेत. यातल्या काही हद्दी तर रोमन काळातल्या शेतांच्या चरांवरून आखलेल्या निघाल्या. म्हणजे गाव वसवणाऱ्यांनाही कुणाची तरी जुनी मोडलेली शेतंच मिळाली होती.

इंग्लंडमध्ये अशी तीनेक हजार गावं आहेत. एवढा आकडा असूनही विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत जाणती मंडळी म्हणत, की आपल्याकडे गाव सहसा ओस पडत नाही. मॉरिस बेरेसफर्ड हा आर्थिक इतिहासाचा माणूस, १९४८ साली लीड्स विद्यापीठात शिकवायला आला आणि जुने करांचे कागद हातात घेऊन टेकड्या तुडवत फिरू लागला. कागदावर गाव आहे आणि जमिनीवर मेंढ्या आहेत, हे त्याला परत परत दिसत होतं. १९५० साली त्याने इथे कुदळ मारली. तो काही पुरातत्त्वज्ञ नव्हता. दगड लागला की त्याच्या कडेकडेने खणत जायचं, एवढंच त्याचं तंत्र. दोन वर्षांनी जॉन हर्स्ट येऊन मिळाला, तो प्रशिक्षित, मातीचे थर वाचणारा. मग खंदकांऐवजी अख्खं घर एकदम उघडं करायची डॅनिश पद्धत इथे आली. १९९०पर्यंत दर उन्हाळ्यात काम चाललं. राजवाडे आणि किल्ले उकरण्याच्या त्या काळात दोन माणसं चाळीस वर्षं कुळांची चूल शोधत राहिली, याचं मला फार अप्रूप वाटतं.

आणि एवढं खणूनही घरांबद्दल सुरुवातीला त्यांनी जो निष्कर्ष काढला, तो मला नेहमी जरा खुपतो. भिंतींचे पाये खडूच्या मऊ दगडाचे, तिरपेतारपे, एकाच जागेवर पुन्हा पुन्हा बांधलेले दिसले. त्यावरून ठरवलं गेलं, की शेतकऱ्यांची घरं म्हणजे कामचलाऊ खोपटी, एका पिढीत मोडायची आणि पुढच्या पिढीने नवी घालायची. ते वर्षानुवर्षं पुस्तकांतून छापलं गेलं. मामांना मी तो घराचा चौकोन दाखवला, लांबट, एका टोकाला माणसं आणि दुसऱ्या टोकाला गुरं, तेव्हा त्यांनी भिंतीकडे बघितलंही नाही. "मेढी कुठं रोवल्यात?" त्यांनी विचारलं. त्यांच्या जुन्या घरात छप्पर पेलायचं काम लाकडाचं होतं. भिंत कुडाची असो वा मातीची, पावसाने खचली तर पुन्हा लिंपायची, घर उभंच राहायचं. स्टुअर्ट रॅथमेल नावाच्या संशोधकाने १९८९ साली जवळजवळ हेच म्हणून दाखवलं. व्हॅरमच्या घरांचं छप्पर भिंतींवर नव्हतंच. वाकड्या ओंडक्यांच्या भक्कम जोड्या जमिनीपासून आढ्यापर्यंत एकमेकींना टेकवलेल्या असत, आणि भिंती फक्त वारा अडवायला. भिंत दहा वेळा दुरुस्त झाली असेल, घर तेच होतं. मग लाकडं कुठे गेली, म्हणून मी विचारलं, तर मामा माझ्याकडे बघतच राहिले. "नेली असतील की. आम्ही काय सोडून आलो का?" घर सोडताना इथेही चांगली लाकडं काढून दुसरीकडे वापरत, त्यात आश्चर्य काहीच नाही. पण उत्खननातल्या रिकाम्या चौकोनाकडे बघताना मला कधी सुचलं नव्हतं, की जे सापडत नाही ते लोक बैलगाडीत घालून घेऊन गेले.

माणसं मात्र सापडली. चर्चच्या आवारातून सातशेच्या आसपास सांगाडे निघाले, आणि त्यांच्याविषयी जे कळलं ते वाचताना मला कुणाच्या तरी घरात न विचारता शिरल्यासारखं होतं. बाळांना दीड वर्षाच्या आसपासपर्यंत अंगावर पाजत, हे हाडांतल्या नायट्रोजनवरून कळतं. चौदा वर्षांचं पोर आजच्या दहा वर्षांच्या मुलापेक्षा फारसं उंच नसे. वाढ रेंगाळत रेंगाळत विशीपर्यंत चालायची आणि मोठेपणी बरीचशी भरून निघायची. एका माणसाच्या डोक्यावर जबर घाव बसला होता, आणि कुणीतरी कातडी सोडवून, दबलेलं हाड उचलून त्याला वाचवलं होतं. हे अकराव्या शतकाच्या आगेमागे, आणि तो माणूस राजा नव्हता, याच टेकडीवरचा कुणी होता. भूल नाही, काही नाही. धरून ठेवणारे कोण असतील, असा विचार माझ्या मनात येतो. भाऊ असतील, शेजारी असतील.

त्याच गावात, चर्चपासून लांब, घरांच्या मधल्या खड्ड्यांत दुसरीही हाडं होती. १३७ तुकडे, निदान दहा माणसांचे, अकराव्या ते चौदाव्या शतकातले. मेल्यानंतर सुरीने कापलेले, मोडलेले, जाळलेले. २०१७ साली त्याचा अभ्यास छापून आला तेव्हा वर्तमानपत्रांनी चंगळ केली. दुष्काळात माणसांनी माणसं खाल्ली का, हा एक तर्क होता, पण कापल्याच्या खुणा मांस काढण्याच्या जागी नव्हत्या, मानेच्या आणि डोक्याच्या भागात जास्त होत्या. परक्यांना असं केलं असेल का? तर दातांच्या परीक्षणातून निघालं की ही याच मुलखात वाढलेली माणसं. उरतं ते असं, की मेलेला परत उठून येईल या भीतीने गावाने आपल्याच माणसाला पुन्हा मारलं असावं. बाराव्या शतकात यॉर्कशायरमधल्याच एका मठात बसून विल्यम ऑफ न्यूबर्ग याने अशा उठून चालणाऱ्या मेलेल्यांच्या हकिकती गंभीरपणे लिहून ठेवल्या आहेत. ज्या गावाने मोडलेल्या कवटीचं हाड हलक्या हाताने उचललं, त्याच गावाने हेही केलं. मला त्यात विसंगती वाटत नाही. गावात राहिलेल्या कुणालाही वाटणार नाही.

पण मामांचा प्रश्न मेलेल्यांचा नव्हता. उठवलेल्यांचा होता.

प्लेगचं उत्तर सोपं आहे आणि देणाऱ्याला आवडतं, हे मी स्वतःवरून सांगते. १३४९च्या उन्हाळ्यात रोग यॉर्कशायरभर पसरला, गाव संपलं, पडदा. प्रत्यक्षात प्लेगनंतर वीस वर्षांनीही व्हॅरममध्ये तीसच्या आसपास घरं नांदती होती. त्याआधी १३१५पासूनच्या ओल्या सालांत पीक कुजून मोठा दुष्काळ पडला होता, त्यामागून स्कॉटिश टोळ्यांच्या धाडी आल्या होत्या, आणि तरी गाव टिकलं होतं. साथीत माणसं मेली, पुष्कळ मेली, आणि उरलेल्यांनी त्यांची शेतं वाटून घेतली, जास्त रानात नांगर घातला. नाश झाला तो यानंतर, आणि तो नाश म्हणून कुणाला दिसलाही नसेल. पंधराव्या शतकाच्या मध्यापर्यंत तीसाची सोळा-एक घरं उरली. या मधल्या वर्षांत कुणी गाव जाळलं नाही. माणसं आपापल्या पायांनी निघून गेली.

का गेली, हे समजायला फार कल्पनाशक्ती लागत नाही. प्लेगने देशातली निम्म्याच्या आसपास माणसं नेली, तेव्हा उरलेल्या हातांना एकाएकी भाव आला. मजुरी वाढू नये म्हणून राजाने १३५१ साली कायदा केला, जुन्याच दराने राबा म्हणून. कायदा करावा लागला यातच सगळं आलं. व्हॅरमचा शेतकरी हा धन्याच्या जमिनीला बांधलेला, परवानगीशिवाय गाव सोडायची मुभा नसलेला. पण चार डोंगरांपलीकडे दुसऱ्या धन्याकडे चांगली, सपाट, पाण्याजवळची शेतं मोकळी पडली होती, आणि तो धनी कुठून आलास असं विचारत नव्हता. कमी खंडात जमीन देत होता. वोल्ड्सवरची माती पातळ, हाताने उकरली तरी खडू लागतो. अशा वेळी रात्रीतून बायकोमुलांसह निघालेला माणूस मला अजिबात दयनीय वाटत नाही. मला तो आनंदात दिसतो. मीही सपाट, पाण्याजवळची जमीन बघूनच घरापासून इतक्या लांब आले आहे, तेव्हा माझा कल कुठे असणार ते उघडच आहे. गेलेल्यांचं भलं झालं. प्रश्न राहिलेल्यांचा आहे. प्रत्येक घर उठलं की शेजाऱ्याच्या वाट्याला थोडं जास्त रान येई, आणि थोडी जास्त कामंही. नांगराला आठ बैल जुंपायचे तर ते चौघापाचांनी मिळून आणायचे, कुंपण एकत्र घालायचं, गुरं एकत्र राखायची. त्यातला एकेक भिडू कमी होत गेला, की उरलेल्यांचा नांगर चालणं अवघड होत जातं.

मेंढ्या मग आल्या, असं म्हणतात. तेही खरं नाही, मेंढ्या आधीपासून होत्याच. पडीक रानात त्यांना चरायला सोडायचं आणि रात्री शेतात कोंडून खत घ्यायचं, हा तर वोल्ड्सवरच्या शेतीचा कणा. बदललं ते गणित. धान्याचा भाव पडलेला, मजुरी चढलेली, आणि लोकरीला व कापडाला गिऱ्हाईक. शेकडो मेंढ्यांना एक मेंढपाळ आणि एक कुत्रा पुरतो. गाव आता पर्सी घराण्याकडून हिल्टन घराण्याकडे गेलेलं होतं, आणि हिल्टन राहायचे उत्तरेला लांब, वेअर नदीजवळच्या आपल्या वाड्यात. त्यांनी कधी ही पाणंद उतरून पाहिली असेल असं वाटत नाही. पंधराशे सालाच्या सुमाराला उरलेल्यांना उठवण्यात आलं. १५१७ साली आठव्या हेन्रीचा मुख्य मंत्री कार्डिनल वुल्सी याने देशभर चौकशी लावली, १४८८पासून कुणी कुणी गावं मोडली म्हणून, आणि त्या चौकशीत व्हॅरमची नोंद आली: बॅरन हिल्टनने चार नांगर बंद पाडले आणि चार घरं पडू दिली. एवढंच. माणसांची नावं नाहीत. नांगर मोजले, कारण नांगराला सरकारदरबारी किंमत होती.

तर मामा, उठवलं ते हिल्टनने. पण चारच घरांना. बाकीच्यांना कुणी उठवलं नाही.

भरपाईचं उत्तर शोधायला जरा वेळ लागला, आणि सापडलं ते फोनवर सांगताना मलाच हसू आवरेना. कायदा होता. सातव्या हेन्रीच्या राज्यात १४८९ साली गावं मोडण्याविरुद्ध खास कायदा झाला. वीस एकर किंवा जास्त जमीन असलेलं शेतघर मालकाने पडू दिलं, तर त्या जमिनीच्या उत्पन्नातला अर्धा हिस्सा जप्त, घर पुन्हा बांधेपर्यंत. आणि तो अर्धा हिस्सा जायचा कुणाला? त्या मालकाच्या वरच्या मालकाला, जो असेल त्या सरदाराला किंवा खुद्द राजाला. घरातून बाहेर काढलेल्याला त्यात जागाच नव्हती. त्याची चिंता कायद्याला नव्हती, चिंता होती ती शिपाई कमी पडतील याची. वॉरिकशायरमधला जॉन राउस हा एक पाद्री तेवढा तीस वर्षं ओरडत होता. १४५९ साली कॉव्हेंट्रीच्या संसदेपुढे त्याने अर्ज नेला, कुणी ऐकला नाही, मग म्हातारपणी आपल्या आसपासच्या मोडलेल्या पन्नासहून अधिक गावांची नावं त्याने इतिहासाच्या ग्रंथात एकेक करून लिहून ठेवली. नुसती नावं. मला इतिहास लिहायचा असता तर मी तिथूनच सुरू केला असता. मामांनी पलीकडून सगळं ऐकलं आणि म्हणाले, "म्हणजे कागद होता." त्यांच्या आवाजात समाधान होतं का उपहास, ते मला कळलं नाही.

चर्च मात्र गावाबरोबर मेलं नाही, आणि या भागात मला सगळ्यात जास्त रस आहे. आधी लाकडी, मग दगडी आणि छोटं, मग बाराव्या-तेराव्या शतकात माणसं मावेनात म्हणून दोन्ही बाजूंना वाढवलेलं. पुढे माणसं घटली तशा त्या वाढवलेल्या बाजू पाडून टाकल्या आणि मधल्या कमानी दगडांनी बुजवल्या. त्या बुजलेल्या कमानी आज भिंतीत स्पष्ट दिसतात. खानेसुमारीचा याहून चांगला तक्ता मी पाहिलेला नाही. गाव उठल्यावरही चर्च चालू राहिलं, कारण डोंगरापलीकडच्या थिक्सेनडेलच्या लोकांचं तेच चर्च होतं. लग्नं, बारशी, मयत, सगळ्याला ते टेकड्या चढून उतरून या माणूस नसलेल्या गावात येत, १८७० साली त्यांना स्वतःचं चर्च मिळेपर्यंत. म्हणजे गाव मोडून साडेतीनशे वर्षं झाली तरी इथे माणसं पुरली जात होती, बाळांच्या डोक्यावर पाणी घातलं जात होतं. शेवटची प्रार्थना १९४९ साली झाली, आणि पुढच्याच वर्षी बेरेसफर्ड कुदळ घेऊन हजर झाला. त्याच्याबरोबर विद्यार्थी, हौशी म्हाताऱ्या बायका आणि सुधारगृहातली पोरं, कारण कैद्यांना शिकवणं हाही त्याचा एक उद्योग होता. शेतमजुरांच्या जुन्या घरांच्या ओळीत ही मंडळी जुलैमध्ये मुक्काम ठोकत, स्वयंपाक करत, संध्याकाळी दमून गप्पा मारत. शेवटचा अहवाल, तेरावा खंड, २०१२ साली निघाला.

अशा गावांची जी रंगीत चित्रं काढतात, त्यांत गाव नेहमी भरलेलं असतं. प्रत्येक छपरातून धूर, अंगणात कोंबड्या, पाणंदीतून गाडी चाललेली, चर्चकडे रांग. तेराशे सालचं गाव, भर बहरातलं. मला कुणी विचारलं तर मी १४९० सालचं चित्र काढायला सांगेन. तीस-चाळीस चौकोनांपैकी चारांवरच छप्पर. मधल्या परड्यांत खाजकुइलीसारखं रान माजलेलं, दुसऱ्याच्या ओसाड अंगणात यांची गाय बांधलेली, चर्चच्या बाजू पाडून कमानी नुकत्याच बुजवलेल्या, त्यामुळे ताज्या दगडांचा रंग वेगळा. चार कुटुंबं, मिळून वीसेक माणसं, आणि एवढं मोठं रान. दुसरीकडे जाता आलं असतं तेव्हा का गेले नाहीत, म्हणून त्यांच्या बायका त्यांना रोज बोलत असणार. आणि चारच घरं उरली तरी त्यातली दोन एकमेकांशी बोलत नसणार, हे मला कुठल्याही उत्खननाशिवाय ठाऊक आहे.